तोंडाचा-मानेचा शेक संपल्यावर या चुका टाळा

माझे कॅन्सरच्या रेडिएशनचे 33 शेक संपले त्या दिवशी मी पेढे वाटले होते, त्याला आता सहा वर्षं झाली, आणि पेढा गिळायला अजूनही सोबत पाण्याचा घोट लागतो. कॅन्सर गेलाय, पण शेकाचे परिणाम सोबत राहतात आणि काही तर वर्षांनी उगवतात, हे मला उशिरा कळलं.

सगळ्यात महागात पडू शकते ती चूक म्हणजे कुठेही जाऊन दाढ उपटून घेणं. चौथ्या वर्षी माझी खालची दाढ ठणकायला लागली, जवळच्या डेंटिस्टकडे गेलो, तो म्हणाला पाच मिनिटांचं काम आहे, मी आ वासून बसलो पण, तेवढ्यात बायको म्हणाली "डॉक्टर, यांना शेक दिलाय हं" आणि त्याने हातातली पकड खाली ठेवली. शेकामुळे जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, खालच्या जबड्याला धोका जास्त, मग दाढ काढल्यावर कधी कधी जखम भरतच नाही आणि हाड उघडं पडतं. हा धोका दहा वर्षांनीही जात नाही. जमत असेल तिथे रूट कॅनाल करून दात वाचवतात, माझा तसाच वाचला. डिस्चार्जच्या कागदावर कुठल्या बाजूला किती ग्रे (रेडिएशनचं माप) दिलेत ते असतं, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि खुर्चीत बसायच्या आधी दाखवा.

तोंड कोरडं पडतं म्हणून लिंबाच्या गोळ्या किंवा चिंच चघळत बसू नका. आंबट धुऊन काढायला लाळच नाही, त्यामुळे दात हिरडीपाशी किडून तुटतात. अल्कोहोलवाला माउथवॉशही नको, त्याने अजून कोरडं होतं. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या करा, आणि रात्री डॉक्टरने दिलेली फ्लोराईडची पेस्ट लावली की नंतर चूळ भरायची नाही. मिश्री, तंबाखू तर विषयच नको (आमच्याकडे एक काकू "मी खात नाही, नुसती घासते" म्हणायच्या!).

पाणी पिताना ठसका लागतो तर "होतं असं" म्हणून सोडू नका. कधी कधी ठसका न लागताच घास श्वासनलिकेत जातो, आणि मग परत परत ताप, कफ, न्यूमोनिया. स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. आणि त्यांनी तोंडाने खाणं बंद केलं नसेल तर उगाच भीतीपोटी नुसत्या पेजेवर राहू नका, गिळायचे स्नायू वापरले नाहीत तर अजून आखडतात, आमटीत कुस्करलेली भाकरी चालते.

थकवा, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं, हे मी वयावर ढकललं होतं, निघाला थायरॉईड. मानेला शेक असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करायचीच.

आता जबडा. व्यायाम "बरं वाटतंय" म्हणून दोन महिने सोडला आणि तोंड उघडणं तीन बोटांवरून दोन बोटांवर आलं, वडापाव चेपून खायची पाळी आली. थेरपिस्टने आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला शिकवलं, ताण बसला पाहिजे पण कळ यायला नको. दिवसातून तीनदा. सध्या पंधरा काड्या जातात, सोळावी अजून अडते.