कॉम्प्रेसर लावण्याआधी फेडरवर बोट ठेवा

धाकट्या भावाच्या आवाजावर मी पहिल्यांदा कॉम्प्रेसर लावला आणि त्याला ऐकवलं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी गातोय की धापा टाकतोय?" त्याचं बरोबर होतं. दोन ओळींमधला प्रत्येक श्वास ओळीइतकाच मोठा झाला होता आणि ओळ संपली रे संपली की मागून पंख्याची घरघर वर येत होती. मी प्लगइनमधला (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममधला) गायकीसाठीचा तयार प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेली सेटिंग, निवडला होता, आवाज दणदणीत झाला म्हणून खूश झाले होते आणि तोच तीन गाण्यांवर लावून मोकळी झाले होते. ती तीनही गाणी पुन्हा मिक्स करताना जे हाती लागलं ते लिहिते आहे. माझं सगळं काम झोपायच्या खोलीत, एक हेडफोन आणि दोन छोट्या स्पीकरांवर चालतं. स्टुडिओत मुरलेल्यांना यातलं बरंच बाळबोध वाटेल.

एक गोंधळ आधीच मिटवू. एमपी-थ्री फाइल बनवताना जे होतं त्यालाही कॉम्प्रेशनच म्हणतात. त्यात फाइलचा आकार घटतो. आपल्या कॉम्प्रेसरचं काम वेगळं: आवाजातल्या लहानमोठ्यातलं अंतर कमी करणं. तो मोठा भाग दाबतो, मग आपण सगळंच थोडं वर उचलतो आणि जे बारीक होतं ते पुढे येतं. श्वास, पंखा, खुर्चीची करकर, सगळं.

आधी हातानं

माझा आग्रह असा, की कॉम्प्रेसर उघडण्याआधी एक अख्खं गाणं हातानं सांभाळा. बाकीची वाद्यं नेहमीच्या पातळीवर वाजू द्या, त्यांवर गायकाचा ट्रॅक ठेवा आणि ऐकत जा. शब्द बुडाला की तेवढाच तुकडा १-२ डेसिबल वर घ्या, अंगावर आला की खाली. यासाठी ऑटोमेशन (पातळीचे बदल लिहून ठेवून सॉफ्टवेअरकडून करून घेणं) वापरा किंवा तुकड्याचा गेन, म्हणजे त्याची पातळी, बदला, दोन्ही चालतं. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात मला चाळीसेक ठिकाणी हात लावावा लागला. पूर्ण संध्याकाळ गेली. पण त्यानंतर मला माझ्या भावाचं गाणं पाठ होतं: ओळीचा शेवटचा शब्द तो नेहमी गिळतो, वरच्या सुरावर पोचला की एकदम ६ डेसिबलनं उसळतो आणि धृपद माइकच्या जवळ सरकून गातो.

कॉम्प्रेसर म्हणजे हेच काम करणारा, फेडरवर (ट्रॅकची पातळी वरखाली करणाऱ्या पट्टीवर) बसवलेला माणूस. ही नुसती उपमा नाही. सुरुवातीच्या काळात रेडिओ केंद्रावर खरोखरच एक माणूस बटणावर हात ठेवून बसायचा, कारण आवाज मर्यादेबाहेर गेला तर प्रक्षेपण बिघडायचं. १९३०च्या दशकात तिथे आपोआप दाबणारी यंत्रं आली. आज प्लगइनच्या पडद्यावर दिसणारी बटणं म्हणजे त्या माणसाला द्यायच्या सूचना आहेत. थ्रेशोल्ड: कोणत्या पातळीला जागा हो. रेशो: किती जोरानं दाब. अटॅक: जागा झाल्यावर किती वेळात पूर्ण दाब. रिलीज: आवाज खाली आला की किती वेळात सोड.

रेशोचा हिशोब एकदा कागदावर करा, मग तो डोक्यातून जात नाही. (डिजिटलमध्ये शून्य ही सर्वांत वरची पातळी, म्हणून आकडे उणे.) थ्रेशोल्ड उणे २० डेसिबलवर आहे, रेशो ४ ला १ आणि आवाज उणे १२ वर आला. म्हणजे तो रेषेच्या ८ डेसिबल वर गेला. बाहेर पडताना तो रेषेच्या फक्त २ डेसिबल वर असेल, म्हणजे उणे १८. मीटरवर ६ डेसिबल घट दिसेल. हे थ्रेशोल्ड आणि रेशो लोक तासन्‌तास घोळत बसतात. मला विचाराल तर गाण्याचा चेहरामोहरा ठरतो तो पुढच्या दोन बटणांवर.

अटॅक आणि रिलीज ऐकू येण्यासाठी

ही दोन बटणं सौम्य सेटिंगवर ऐकूच येत नाहीत, म्हणून नवखा माणूस ती अंदाजानं फिरवतो. त्यावर उपाय म्हणजे आधी मुद्दाम अती करायचं. ठोकून वाजवलेल्या गिटारचा ट्रॅक घ्या. रेशो १० ला १. थ्रेशोल्ड इतका खाली आणा की मीटर १५ डेसिबलची घट दाखवेल. रिलीज ५० मिलिसेकंदांच्या आसपास. ऐकायला भयानक लागेल, लागू द्या.

आता फक्त अटॅक हलवा. ४० मिलिसेकंदांवर पिकचा तारेवरचा आघात दाबाआधी निसटतो आणि 'टक्' स्पष्ट ऐकू येतो. तिथून हळूहळू खाली या: २०, १०, ५, १. कुठेतरी तो 'टक्' बोथट होतो आणि गिटार एक पाऊल मागे सरकते. पातळी जवळपास तेवढीच, पण वाद्य लांब गेलेलं. मला हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसतं तेच बटण मागेपुढे करत होते. मिक्समध्ये कोण पुढे उभं राहणार आणि कोण मागे, हे ठरवायला फेडरइतकाच अटॅक कामी येतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

मग अटॅक ३० वर सोडा आणि रिलीज हलवा. फार कमी ठेवला तर दोन आघातांच्या मधली गुणगुण आणि खोलीचा आवाज उसळून वर येतो. भात्यासारखं काहीतरी चाललंय असं वाटतं. फार जास्त ठेवला तर मीटरचा काटा शून्यावर परततच नाही, पुढचा ठोका आधीच्याच दाबाखाली सापडतो आणि वाद्य कायमचं मान खाली घालून बसतं. मधली जागा लयीत असते. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमनं (मिनिटाला किती मात्रा) भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. ९० बीपीएमला मात्रा साधारण ६६७ आणि अर्धी मात्रा ३३३. अर्ध्या मात्रेपासून सुरू करा आणि काटा पुढच्या ठोक्याआधी जेमतेम परत येईल असं जमवा. आकड्यावर अडून बसू नका. काटा गाण्याबरोबर डुलायला लागला की समजायचं.

हे जमलं की रेशो ३ वर आणा आणि थ्रेशोल्ड वर नेत घट ३-४ डेसिबलवर आणून ठेवा. आता कान काय शोधायचं ते ओळखतात.

बेस गिटारला मात्र एक खोच आहे. ५० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून बरेच झटपट ठेवले, तर कॉम्प्रेसर वाजवणाऱ्याच्या जोराऐवजी लहरीच्या चढउताराच्याच मागे धावतो आणि सूर खरखरतो. मी याचा दोष केबलला दिला होता. केबल बदलली, भावाकडून पूर्ण बेस दोनदा वाजवून घेतला, आणि अखेर रिलीज १० वरून १५० वर नेल्यावर खरखर गेली. त्याला हे अजून सांगितलेलं नाही.

कान फसतात, म्हणून पातळी जुळवा

कॉम्प्रेसरमधला 'ऑटो मेकअप गेन', म्हणजे दाबल्यावर पातळी आपोआप वर उचलणारं बटण, बंद करा. आजच करा. दोन आवाजांतला एक जरी डेसिबलभर मोठा असेल तरी तोच चांगला वाटतो. शिवाय फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवल्याप्रमाणे लहान आवाजात आपला कान खर्जाला बराच कमी दाद देतो. त्यामुळे नुसतं मोठं केलं तरी आवाज भरीव झाल्यासारखा वाटतो. माझ्या त्या प्रीसेटची जादू इतकीच होती.

म्हणून मेकअप गेन हातानं लावा, तोही इतकाच की प्लगइन चालू आणि बायपास (तात्पुरता बंद) यांत पातळी सारखी वाटेल. मग डोळे मिटा, बायपासचं बटण पटापट इतक्या वेळा दाबा की आता चालू आहे की बंद हे तुम्हालाच कळू नये. गाणं वाजू द्या, जे बरं वाटेल तिथे थांबा आणि डोळे उघडा. मी जुन्या तीन गाण्यांतल्या प्रत्येक ट्रॅकवर हे केलं. निम्म्याहून जास्त वेळा मी 'बंद'वर थांबले होते. ते कॉम्प्रेसर काढून टाकले.

गायकाच्या ट्रॅकवर

आपल्या भाषेत भ, फ, ध, ठ भरपूर. माइकसमोर यांचा फुत्कार सगळा तळाच्या पट्टीत येतो आणि कॉम्प्रेसर त्याला गाणं समजून अख्खा शब्द दाबतो. म्हणून कॉम्प्रेसरच्या आधी ८० हर्ट्झच्या आसपास लो-कट, म्हणजे त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर, लावा. बारीक आवाजाला १०० सुद्धा चालतो. स आणि श यांची तऱ्हा उलटी: स्वर दाबले जातात, हे सुटतात, आणि मेकअप गेननंतर कानाला टोचतात. त्यासाठी शेवटी डी-एसर, म्हणजे फक्त हे टोचरे स-श दाबणारं प्लगइन, साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये.

एकाच कॉम्प्रेसरकडून ८ डेसिबल काढून घेण्यापेक्षा दोघांकडून थोडं थोडं करून घेतलेलं बरं. पहिला चपळ, फक्त उसळ्या पकडणारा, २-३ डेसिबल. दुसरा संथ, सगळी ओळ सांभाळणारा. ही जोडी जुनी आहे: चपळ म्हणजे १९६७ साली आलेल्या ११७६ या कॉम्प्रेसर यंत्राच्या जातीचा, संथ म्हणजे एलए-२ए या यंत्राच्या. एलए-२ए मध्ये एक दिवा आवाजाबरोबर उजळतो आणि त्या प्रकाशावर दाब ठरतो. सोडताना निम्मा दाब साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेला निवायला काही सेकंदही लागतात. म्हणून तो गायकीवर इतका गुळगुळीत लागतो. ११७६ चा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे त्याचा सर्वांत 'हळू' अटॅकसुद्धा एक मिलिसेकंदाच्या आत. आणि त्याची अटॅक-रिलीजची बटणं उलटी चालतात: घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की वेग वाढतो. त्याच्या बहुतेक सॉफ्टवेअर नकलांतही तसंच ठेवलंय. मी सहा महिने नेमकं उलटं फिरवत होते.

यातलं काही विकत घ्यायची गरज नाही. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला साधा कॉम्प्रेसर अटॅक ५ आणि २५ वर ठेवून दोनदा लावा, काम भागतं.

मग मिक्स

रेकॉर्ड करताना २४ बिट निवडा आणि सर्वांत मोठा क्षण उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या; लाल दिव्याला टेकवण्यात काहीही मिळत नाही. मिक्स सुरू करताना सगळे फेडर खाली ओढा, एकही प्लगइन नको. मी आधी आवाज लावते, कारण गाणं त्याचं आहे, मग त्याच्याभोवती ठेका, बेस, गिटार. निव्वळ फेडर आणि पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) यांवर गाणं ऐकण्याजोगं होईपर्यंत पुढे जात नाही. अधूनमधून डावी-उजवी बाजू एक करणारं मोनोचं बटण दाबून बघते. दोन माइकनी घेतलेली गिटार मोनोत पातळ झाली तर फेजचा घोळ आहे, म्हणजे दोन माइकच्या लहरी एकमेकींना खोडताहेत. तो तिथेच सोडवा, नंतर कॉम्प्रेसरनं सुटत नाही.

सगळं एकत्र गढूळ वाटलं तर बहुतेक वेळा २०० ते ५०० हर्ट्झमध्ये गर्दी असते. गिटारमधून तिथले ३ डेसिबल काढून पाहा. मात्र हे सोलो करून, म्हणजे तो एकच ट्रॅक वाजवून, ठरवू नका. एकटी गिटार नेहमी भरदारच छान वाटते. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एकमेकांच्या अंगावर येत असतील तर बेसवर कॉम्प्रेसर लावून त्याचं साइडचेन, म्हणजे कोणाचा आवाज ऐकून दाबायचं ती जोडणी, किकला जोडा. किक वाजली की बेस २-३ डेसिबल वाकून वाट देतो आणि लगेच सरळ होतो.

पॅरलल कॉम्प्रेशन ड्रमवर मजा आणतं: एका वेगळ्या चॅनलवर ड्रम चिरडून टाका आणि तो फेडर मूळ ड्रमच्या खाली, जाणवेल न जाणवेल इतका वर घ्या. मल्टिबँडच्या (खर्ज, मध्य, तार असे पट्टे वेगवेगळे दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या) वाटेला मी जात नाही. पूर्ण मिक्सवरचा कॉम्प्रेसर लावलाच तर रेशो २, अटॅक ३०, घट १-२ डेसिबल. पहिल्या दहा गाण्यांत तोही नको असं माझं मत.

शेवटी लिमिटर (आवाज ठरावीक छताच्या वर जाऊ न देणारा), सीलिंग, म्हणजे ते छत, उणे १ वर. गाणं इतरांपेक्षा मोठं वाजावं म्हणून त्याला चेचू नका. स्पॉटिफायसारखी सेवा सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) पातळीला आणून वाजवते, त्यामुळे चेचलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि चेचलेपणा तेवढा उरतो.

रात्री संपवलेलं मिक्स सकाळी अगदी बारीक आवाजात, दुसऱ्या खोलीत उभं राहून ऐका. शब्द कळतात का आणि ठेका पोचतो का, एवढंच पाहा.

भावाच्या पहिल्या गाण्यात आता आवाजावर दोन कॉम्प्रेसर आणि बेसवर एक इतकेच उरलेत. श्वास मी एकेक करून हातानं ६ डेसिबल खाली केले. शेवटच्या कडव्याआधीचा तेवढा तसाच ठेवलाय. तो त्यानं मुद्दाम घेतला होता म्हणे.