द्राक्षरसाच्या टाकीत उतरण्यापूर्वी हवा कशी तपासावी

नाशिकच्या वायनरीत आंबवणीची टाकी धुण्यासाठी आत उतरण्यापूर्वी वायुमापकाची नळी थेट तळापर्यंत सोडावी, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि झाकणाजवळ घेतलेले माप फसवे ठरते. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून कमी किंवा कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्यांहून अधिक दिसल्यास पंख्याने हवा खेळवून पुन्हा मोजावे. पाणबुडीतील खलाशांसाठी अमेरिकी तज्ज्ञ समितीने २००७ मध्ये ९० दिवसांकरिता कार्बन डायऑक्साइडची ०.८ टक्के ही मर्यादा सुचवली. मात्र तिथे हवा शुद्ध करणारी यंत्रे अखंड चालतात, म्हणून तो आकडा इथे लावू नये. पेटती मेणबत्ती आत सोडून ती विझते का हे पाहण्याची जुनी रीत तर मुळीच भरवशाची नाही. बाहेरच्या सोबत्याने, आतला कोसळला तरी, मागोमाग न उतरता त्याला अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याला बांधलेल्या दोरीने वर ओढावे.