अमेरिकेतले जुने पूर्वज शोधताय? या चुका टाळा

आमचे जावई मॅसॅच्युसेट्सचे. त्यांच्या आईकडची माणसं १६३०च्या दशकात इंग्लंडहून आली असं घरात सगळे म्हणायचे, पण हातात कागद एकही नाही. नातीला शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट मिळाला, माझ्या माहेरचा कुलवृत्तांत छापलेला आहे त्यामुळे आमची बाजू तासाभरात झाली, तिच्या बाबांची बाजू मात्र मी चार वर्षं झाली अजून करतेय आणि आता त्या माणसांचा लळा लागलाय. इथल्या बऱ्याच मराठी घरांत नातवंडांची एक बाजू अशी असते, म्हणून कुठे कुठे अडकायला होतं ते सांगते.

मला सगळ्यात महाग पडला तो ज्युनिअर हा शब्द. एकाच गावात जॉन सीनिअर आणि जॉन ज्युनिअर दिसले, मी बाप-लेक धरून मोकळी झाले. पण तेव्हा गावात एका नावाची दोन माणसं असली की वयाने मोठा तो सीनिअर आणि धाकटा तो ज्युनिअर, एवढाच त्याचा अर्थ असायचा, मग ते काका-पुतणे असोत नाहीतर एकमेकांचे कोणीच नसोत. त्यात मोठा वारला की कालचा ज्युनिअर सीनिअर व्हायचा, म्हणजे १७१०च्या कागदातला ज्युनिअर आणि १७२५च्या कागदातला सीनिअर हा एकच माणूस असू शकतो. सात महिन्यांनी थोरल्या जॉनचं मृत्युपत्र वाचलं, त्यात सगळ्या मुलांची नावं होती आणि जॉन नावाचा मुलगाच नव्हता, आमचा जॉन पुतण्या निघाला. तेव्हापासून एका नावाची जितकी माणसं दिसतील तितकी पानं वेगळी करते आणि प्रत्येकाची बायको, जमीन, धंदा त्या त्या पानावर लिहिते, मग कोण कुठला ते आपोआप सुटत जातं.

नात्याच्या शब्दांचंही तसंच. आपल्याला चुलत, मावस, आते, मामे अशी सवय, आणि तिथे मृत्युपत्रात 'कझिन' लिहिलंय तो पुतण्या किंवा भाचाही असतो, 'सन-इन-लॉ' कधी कधी सावत्र मुलगा असतो, 'ब्रदर' मेहुणा किंवा चर्चमधला सोबती असू शकतो. 'मिसेस' तर मानाच्या घरातल्या लग्न न झालेल्या मुलीलाही लावायचे. आणि 'माय नाऊ वाइफ' वाचून पहिली बायको शोधायला धावू नका, पुढेमागे दुसरं लग्न झालं तरी वाटा आत्ता असलेल्या बायकोलाच मिळावा म्हणून तसं लिहायचे.

आता तारखा. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२पर्यंत जुनं कॅलेंडर होतं आणि वर्ष २५ मार्चला बदलायचं. आमच्याकडे लग्नाची नोंद मे १७०२ आणि पहिल्या मुलाच्या जन्माची फेब्रुवारी १७०२, मी बघतच राहिले, लग्नाआधी तीन महिने मूल! खरं तर तो फेब्रुवारी त्या मे नंतरचा, आपल्या हिशोबाने १७०३चा, म्हणजे बरोबर नऊ महिने. नीट लिहिणारा कारकून १७०२/०३ असं दोन्ही लिहायचा, ते जसंच्या तसं उतरवा, स्वतः दुरुस्त करून एकच वर्ष लिहू नका. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या वहीत महिन्यांना नावं नसतात, आकडे असतात, आणि १७५२च्या आधी त्यांचा पहिला महिना मार्च, जानेवारी नाही.

कागद मिळतच नाही असं झालं तर आधी बघा, तुम्ही योग्य काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, शोधताय का. मॅसॅच्युसेट्समधली वुस्टर काउंटी १७३१ साली झाली, त्याआधीचे तिथल्या जमिनींचे व्यवहार ज्या जुन्या काउंटीतून ते गाव काढलं तिच्याकडेच राहिले. मेन हे राज्य तर १८२०पर्यंत मॅसॅच्युसेट्सचाच भाग. कनेटिकटमध्ये खरेदीखतं काउंटीकडे नसतात, गावाच्या क्लार्ककडे असतात. व्हर्जिनियाचं मात्र खरंच दुःख आहे, कितीतरी काउंट्यांनी यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून दप्तरं राजधानी रिचमंडला पाठवली आणि १८६५च्या आगीत तीच जळाली. तिथे मग कराच्या याद्या, जमिनीची पेटंटं (सरकारने जमीन दिल्याच्या सनदा) आणि शेजारच्या काउंटीचे कागद यांवरच भिस्त.

जनगणनेवर फार विसंबू नका, पहिली १७९०ची आणि तीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, घरातल्या सगळ्यांची नावं १८५०पासून. आडनाव एलिस आयलंडला बदललं ही गोष्ट तर इथे लागूच होत नाही, परदेशातून येणाऱ्यांची नोंद करणारं न्यूयॉर्कचं ते ठाणं १८९२चं. न्यूयॉर्ककडची डच माणसं असतील तर आपल्याला उलट सोपं जातं, पीटर यान्सेन म्हणजे यानचा पीटर, आपल्या मधल्या नावासारखं, त्यामुळे पुढच्या पिढीत 'आडनाव' बदललं की घाबरायचं नाही.

ऑनलाइन तयार झाडं दिसतात ती कॉपी करायचा मोह खूप होतो. मी एका झाडात नऊ वर्षांची आई बघितलीय आणि तेच झाड अजून कितीतरी जणांनी जसंच्या तसं उचललेलं. तिथून सुगावा घ्या, पण मूळ नोंदीचा फोटो डोळ्यांनी बघेपर्यंत नाव पक्कं करू नका. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर खूप काही फुकट आहे.

आणि बायका. माहेरचं आडनावच सापडत नाही म्हणून लोक तिथे 'अज्ञात' लिहून पुढे जातात, ते मला बघवत नाही. लग्नाची नोंद नसेल तर नवऱ्याचे शेजारी कोण ते बघा आणि त्यांच्यात जे वयस्कर असतील त्यांची मृत्युपत्रं वाचा. त्याहून चांगलं म्हणजे ते म्हातारे गेल्यानंतरची खरेदीखतं, कारण वाटणीत लेकींचाही हिस्सा असायचा आणि तो विकताना नवऱ्यासोबत तिचीही संमती लागायची. आमची हॅना मला अशीच सापडली. कारकुनाने उतरवलेल्या प्रतीत पाच भावंडांची नावं ओळीने, चौथ्या ठिकाणी तिचा नवरा, आणि त्याच्याखाली 'हॅना' आणि आडनाव यांच्या मध्ये एक फुली, सोबत बारीक अक्षरात 'हर मार्क', म्हणजे सहीऐवजी तिची निशाणी.