बोअर आणि विहीर जेटिंगच्या कामात यायचंय? मग हे वाचा

डिचोलीच्या आयटीआयतून फिटर झालो, बरोबरचे बहुतेक फार्मा कंपन्यांत चिकटले आणि मी आलो जेटिंगच्या, म्हणजे जोरदार पाण्याच्या माऱ्याने बोअर साफ करणाऱ्या गाडीवर. आता नवीन पोरं विचारायला येतात, पहिला प्रश्न ठरलेला, प्रेशर किती बार? अरे प्रेशर काय, पंपाचा कान पिळला की येतं. बोअरमध्ये नक्की काय तुंबलंय ते ओळखायला वेळ लागतो, पैसे त्याचेच आहेत.

आपल्याकडे गोव्यात वर जांभा, त्याखाली चिकणमाती, मग कातळ. माती संपेपर्यंत केसिंग, म्हणजे माती आत ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, खाली कातळात नुसतं भोक, पाणी भेगांतून येतं. पंप वर काढला की पाइपवर तांबूस बुळबुळीत थर दिसतो, बोट फिरवलं की सटकतो, तो आयर्न बॅक्टेरियाचा. तोच भेगांच्या तोंडाशी बसतो आणि पाणी आटल्यासारखं वाटतं. हे जेटिंगने निघतं. पण उन्हाळ्यात पाणी नितळ आणि पाऊस लागला की गढूळ, असं घरवाले सांगत असतील तर बहुतेक केसिंग कातळात नीट बसलेलं नाही, तिथे जेट मारला तर माती आणखी सुटेल. सरळ नाही म्हणायचं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

काम घ्यायच्या आधी मोजायचं. समजा मिनिटाला 40 लिटर उपसताना पातळी 8 मीटर उतरली, म्हणजे मीटरमागे 5 लिटर. साफ केल्यावर तेवढंच उपसून परत मोजायचं, आकडा वाढला नसेल तर 'पाणी किती स्वच्छ झालं बघा काका' म्हणून कोणी पैसे देत नाही, आणि देऊही नयेत.

नोझल बाजूला मारणारं पाहिजे, गटार साफ करायचं नको. गोल फिरवत हळूहळू वर घ्यायचं आणि त्याच वेळी उपसा चालू ठेवायचा, आत सोडतो त्यापेक्षा जास्त पाणी बाहेर आलं पाहिजे, नाहीतर सुटलेला गाळ परत भेगांत जाऊन बसतो. पीव्हीसीचा स्लॉटेड, म्हणजे पाणी आत यायला फटी पाडलेला पाइप असेल तर प्रेशर उतरवा, फाटला तर बोअर गेली. शेवटी क्लोरीन. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला साधारण 21 लिटर पाणी, 40 मीटर पाणी असेल तर 850 लिटरच्या आसपास, लिटरला 50 मिलिग्रॅम धरलं तर ताजी ब्लीचिंग पावडर सव्वाशे-दीडशे ग्रॅम पुरते. ते पाणी उपसून कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत सोडू नका.

उघड्या विहिरीचं वेगळं. जांभ्याच्या भिंतीवर जवळून जेट मारला तर दगडच झडतो. विहिरीत डिझेल पंप उतरवायचा नाही, आणि गॅस मीटरवर ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल तर कोणीही उतरायचं नाही, मालक ओरडला तरी. जेट हाताला लागला, टाचणीएवढंच भोक पडलं, रक्तही नाही, तरी लगेच गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) जा आणि हाय प्रेशरचं पाणी आत घुसलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगा.

कामं मिळतील का? 2002 च्या भूजल कायद्यामुळे गोव्यात नवीन बोअरला परवानगी लागते, म्हणून जुनीच दुरुस्त करून घेणारे खूप. फेब्रुवारी ते मे श्वास घ्यायला वेळ नसतो, जूननंतर मात्र गाडी शेडमध्ये आणि आपण सील, होज बदलत बसलेलो. त्या चार महिन्यांचा पगार पूर्ण की अर्धा, ते मालकाशी लागतानाच बोलून घ्या.