वादळ येण्याआधी किनाऱ्यावरची वस्ती कशी हलवावी

टॉर्च, कोरडा खाऊ, पिण्याचं पाणी, रोजची औषधं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली कागदपत्रं. ही तयारी तुम्ही करणारच आहात, त्यामुळे पुढे जाऊ. वादळावरचे बहुतेक लेख या पिशवीपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात, याचा मला मनापासून राग येतो. पिशवी भरून सखल भागातल्या घरात बसून राहिलेला माणूस त्या पिशवीने वाचत नाही.

किनाऱ्यावर चक्रीवादळाने आजवर जे बळी घेतले, त्यात सर्वांत मोठा वाटा समुद्राच्या पाण्याचा आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यात तीन ते पाच लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि बहुतेक जण बुडून गेले. म्हणून वस्तीची तयारी म्हणजे काय, याचं माझं उत्तर एका ओळीचं आहे: पाणी आत शिरण्याआधी सखल भागातलं प्रत्येक माणूस उंचावर पोचलेलं असणं.

कामाला हंगामाच्या महिनाभर आधी लागा. उत्तर अटलांटिकमध्ये हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रात तो वर्षातून दोनदा येतो, मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर.

पहिली पायरी: पाणी कुठवर येईल ते ठरवा

लोक वाऱ्याचा वेग विचारतात आणि त्यावरून घाबरायचं की नाही ते ठरवतात. हे चूक आहे. अमेरिकेत वापरली जाणारी सॅफिर-सिम्पसन श्रेणी फक्त वारा मोजते. २००८ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर आलेलं 'आइक' त्या श्रेणीच्या पाच पायऱ्यांपैकी खालून दुसऱ्या पायरीचं होतं, म्हणजे ऐकायला मध्यम. पण ते पसरलेलं इतकं होतं की काही भागात पाणी साडेचार ते सहा मीटर चढलं.

पाणी चढतं ते मुख्यतः वाऱ्यामुळे. वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो आणि तळ उथळ असेल तर पाण्याला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. त्यात कमी झालेल्या वायुदाबाची भर पडते, दाब एक हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) घटला की साधारण एक सेंटिमीटर. आणि वर भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वादळ आलं तर तेच वादळ कितीतरी जास्त आत येतं, म्हणून भरतीचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असू द्या.

प्रशासनाकडचा पूररेषेचा नकाशा मिळवा. मग वस्तीतल्या सर्वांत जुन्या माणसांना घेऊन फिरा आणि मागे पाणी कुठे टेकलं होतं ते विचारा. दोन्हींत फरक पडला तर वरची रेषा धरा. खाडीच्या बाजूची घरं विसरू नका. त्यांना वाटतं आपण समुद्रापासून लांब आहोत, पण पाणी खाडीतून मागच्या दाराने येतं.

दुसरी पायरी: निवारा

पक्कं स्लॅबचं बांधकाम, त्या रेषेपेक्षा उंच, आणि तिथवर जाणारा रस्ता आधीच पाण्याखाली जाणार नाही असा. संडास कसे आहेत ते स्वतः आत जाऊन बघा. का, ते पुढे येईल.

तिसरी पायरी: यादी

घरागणिक आणि कागदावर, कारण मोबाईल बंद पडणार आहे. चालू न शकणारे, एकटे राहणारे, डायलिसिसवर किंवा ऑक्सिजनवर असलेले, दिवस भरत आलेल्या बायका, तान्ही मुलं. भाड्याने राहणारे आणि हंगामी मजूर कुठल्याच सरकारी यादीत सापडत नाहीत, त्यांच्यासाठी दारोदार फिरावंच लागतं. दर पंधरा-वीस घरांमागे एक जबाबदार माणूस नेमा आणि तो त्याच गल्लीतला असू द्या. परक्याला लोक दारातूनच वाटेला लावतात.

चौथी पायरी: माणसांना घराबाहेर काढणं

सगळी गोम इथे आहे. वरचं सगळं नीट करूनही पहिल्या वर्षी मी इथेच कमी पडलो.

आम्ही गाडीवर भोंगा लावून संध्याकाळी फेरी मारली. वाऱ्याचा वेग सांगितला, इशाऱ्याचा क्रमांक सांगितला, 'सुरक्षित स्थळी जावे' असं चारदा सांगितलं. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि लोक आपापल्या कामाला लागले. निम्मी गल्ली हललीच नाही. लोकांचा इशाऱ्यावर विश्वास नाही, असं मला तेव्हा वाटलं, आणि तिथेच माझी चूक झाली. विश्वास होता. प्रत्येक घराचं काहीतरी वेगळं अडलेलं होतं आणि ते भोंग्याला कोणी सांगत नाही.

एक म्हातारी मला अजून डोळ्यासमोर दिसते. उंबऱ्यात बसलेली, शेजारी बांधलेलं गाठोडं, पायात चपला. म्हणजे निघायची तयारी पूर्ण. तरी "तुम्ही व्हा पुढे" एवढंच म्हणत होती. अर्धा तास मी तिला वादळ किती मोठं आहे ते समजावत होतो. शेवटी शेजारची मुलगी आली, तिच्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, तिथे खुर्चीचा संडास आहे. मी बघून आले." आजी उठली. तिचे गुडघे वाकत नव्हते आणि शंभर माणसांत कोणाला तरी धरून उठवायला सांगावं लागेल, याची तिला लाज होती. एवढंच अडलं होतं.

तेव्हापासून मी दारात गेल्यावर वादळाबद्दल बोलतच नाही. "काय अडलंय?" असं विचारतो आणि गप्प बसतो. उत्तरं ठरलेली असतात आणि प्रत्येकावर आधीच तोड काढून ठेवता येते.

घर फोडलं जाईल ही भीती सर्वांत मोठी. ती हसण्यावारी नेऊ नका, ज्याचं सगळं घरातच आहे त्याच्यासाठी ती खरी आहे. शेवटच्या सुरक्षित तासापर्यंत गल्लीत दोघं फिरणार, ही त्यांची नावं, असं सांगा. मग ते दोघं खरोखर फिरताना दिसले पाहिजेत.

जनावरं माणसांच्या आधी हलवा, आदल्या दिवशी. गोठ्यात जनावर आहे तोवर मालक निघणार नाही, आणि निघाला तरी मध्यरात्री परत येईल. नेणं शक्यच नसेल तर दावं सोडा. कुत्र्या-मांजरांसाठी निवाऱ्यात एक खोली वेगळी ठेवा. २००५ मध्ये कतरिना वादळाच्या वेळी पाळीव प्राणी सोडवत नाहीत म्हणून अनेक जण मागे राहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने स्थलांतराच्या आराखड्यात प्राण्यांचा विचार करण्याचा कायदा केला.

बायकांना निवाऱ्यात वेगळी जागा, आतून कडी लागणारा संडास आणि रात्रभर दिवा हवा. १९९१ च्या बांगलादेशातल्या वादळात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्या. घरातला पुरुष बाहेर असताना निघायचं की नाही हा निर्णय कोणी घ्यायचा, हे आधीच घराघरांत बोलून ठेवा. दारोदार जाणाऱ्यांत बायका असल्याच पाहिजेत, यावर मी तडजोड करत नाही. त्या आजीचं खरं कारण मला कधीच कळलं नसतं.

"मागच्या वेळी काही झालं नाही" हे उत्तर आलं तर वाद घालू नका. वादळ वाट बदलू शकतं हे निघायच्या आधीच कबूल करा: "कदाचित उद्या सकाळी आपण कोरड्या घरात परत येऊ, आणि तसं झालं तर बरंच." हे आधी सांगितलं नाही तर पहिली हूल पुढच्या खऱ्या इशाऱ्याचा जीव घेते. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात जवळपास दहा हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवलं गेलं आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. समोरच्याला आकडे पटतात असं वाटलं तर हे दोन सांगा, तिसरा नको.

बोलताना शब्द साधे ठेवा. २०१३ मध्येच फिलिपिन्समध्ये हैयान वादळाआधी 'स्टॉर्म सर्ज'चा, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा, इशारा दिला गेला होता, पण हे दोन शब्द म्हणजे नक्की काय ते तिथल्या टाक्लोबान शहरातल्या अनेक रहिवाशांना कळलंच नाही, आणि पाणी पाच मीटरच्या आसपास चढून आलं. "तीन मीटर लाट" असं म्हणू नका. समोरच्या घराच्या दाराला हात लावून दाखवा: "पाणी या कडीच्या वर येईल."

आता वेळेचं गणित, कारण यात चुकणारे फार पाहिले आहेत. वादळ पहाटे चारला धडकणार म्हटल्यावर लोक रात्री दहापर्यंत वेळ आहे असं धरतात. पण सखल रस्ता त्याच्या कित्येक तास आधी पाण्याखाली जातो, वारा आधीच वाढलेला असतो आणि अंधार पडलेला असतो. धडकण्याची वेळ विसरा आणि रस्ता बुडण्याच्या वेळेपासून मागे मोजा. पहाटे येणाऱ्या वादळासाठी शेवटचं माणूस आदल्या दिवशी उजेडातच निवाऱ्यात पोचलं पाहिजे. भारतीय हवामान विभागाचा टप्प्याटप्प्याचा इशारा ७२ तास आधी सुरू होतो. पहिल्या टप्प्यात आजारी माणसं आणि जनावरं, दुसऱ्यात मुलं-म्हातारी, मग बाकीचे.

शेवटच्या फेरीची वेळ ठरवून सर्वांसमोर मोठ्याने सांगा. ती उलटल्यावर कोणीही मागे जायचं नाही. विसरलेल्या दागिन्यांसाठी नाही, हट्टाने राहिलेल्या भावासाठीही नाही. ऐकायला कठोर वाटतं, पण वाहतं पाणी घोट्याच्या वर, १५ सेंटिमीटर असलं तरी धडधाकट माणसाला पाडतं, आणि वाचवायला गेलेला माणूस बुडाला की दोन घरं बसतात.

एक रंगीत तालीम घ्या, खरोखर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी आणि त्याच्या संमतीने. कागदावर आमचं सगळं ठीक होतं: चार जण खाट उचलणार. तालमीत खाट दारातून बाहेरच येईना, चौकट चार बोटं अरुंद. आता आम्ही हात असलेली खुर्ची वापरतो, माणसाला चादरीने बांधून, दोघं मागे आणि दोघं पुढे.

पाचवी पायरी: घरं आणि होड्या

होड्या वर ओढा किंवा आत खाडीत दुहेरी दोराने बांधा, आणि बांधल्यावर त्यांच्यात कोणी थांबू नका. अंगणातली सुटी वस्तू आत घ्या. गॅस आणि वीज मेनपासून बंद करा.

काचांवर फुलीच्या पट्ट्या चिकटवणं सोडून द्या. काच फुटायची ती फुटतेच, उलट मोठे तुकडे एकत्र उडतात. फळ्या ठोका. दाब सारखा राहावा म्हणून खिडकी उघडी ठेवा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो.

सहावी पायरी: वादळ चालू असताना

आतच थांबा. मध्येच वारा पडला आणि आकाश उघडलं तर तो वादळाचा डोळा असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येईल. बाहेर पडायचं ते अधिकृत सूचना आल्यावरच.

सातवी पायरी: परतणं

आधी यादी घेऊन मोजणी करा, मग दार उघडा. लोंबकळणाऱ्या किंवा पाण्यात पडलेल्या तारेत वीज आहे असंच धरा. जनरेटर घरात, पडवीत किंवा खिडकीखाली चालवू नका, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळातून वाचलेली कुटुंबं त्यानंतरच्या रात्री झोपेत गेल्याच्या घटना घडल्या आहेत. बुडालेल्या विहिरीचं पाणी उपसून, क्लोरीन टाकून आणि तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका.

आणि घरं धुवायला घेण्याआधी एक काम उरकून घ्या. भिंतीवर चिखलाची जी आडवी रेघ उरलेली असते, तिच्यावर तेलरंगाने खूण करा आणि तारीख लिहा. ही रेघ दोन-तीन दिवसांत पुसली जाते. नकाशात मग तीच उंची भरा, आणि पुढच्या वेळी दारात बोलायला गेलात की त्या खुणेवर हात ठेवा.