कोकणात आरसी विमान उडवायचंय? वजनकाट्यापासून सड्यापर्यंत काय काय करावं

"आमचं साधं फोमचं विमान, ते कुठे ड्रोन?" असं म्हणून आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर चालणारी छोटी विमानं उडवणारे बरेच हौशी नियमांकडे पाठ फिरवतात. कायदा मात्र पंखे किती आहेत ते मोजत नाही. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांनुसार वैमानिक आत न बसता उडणारं विमान, हेलिकॉप्टर किंवा चार पंख्यांचं यंत्र हे सगळं ड्रोनच. त्यातच हौशी विमानांसाठी 'मॉडेल' नावाचा वेगळा प्रकार ठेवला आहे. आपलं विमान त्यात बसतं का, हे ठरलं की निम्मं काम झालं.

आधी वजन करा

बॅटरी, प्रोपेलर, कॅमेरा, रिसीव्हर, चाकं असं जे जे घेऊन विमान हवेत जाणार, त्या सगळ्यासकट वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो आणि त्यावर २५ किलोपर्यंत स्मॉल.

हौशी माणसासाठी खरी रेघ २ किलोची. नॅनोला, तसंच धंद्यासाठी न वापरलेल्या मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. २ किलोच्या वर गेलात की लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५, किमान दहावी पास आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण. १५ सीसी पेट्रोल इंजिनाचं बाल्सा लाकडाचं विमान सहज पाच किलोच्या घरात जातं, म्हणजे त्याला सर्टिफिकेटशिवाय हात लावायचा नाही.

चूक बहुतेकदा बॅटरी बदलताना होते. २२०० एमएएचची तीन सेलची बॅटरी साधारण १८० ग्रॅमची, तर ५००० एमएएचची चार सेलची ५०० ग्रॅमच्या आसपास. आधी पावणेदोन किलो भरलेलं विमान जास्त वेळ उडावं म्हणून मोठी बॅटरी घातली, की गुपचूप २ किलोच्या पार. म्हणून सगळ्यात जड बॅटरी घालून वजन करा आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो ठेवा.

मग हेतू तपासा

मॉडेल म्हणजे २५ किलोपर्यंतचं, फक्त शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी वापरलेलं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान. या तिन्ही अटी एकदम पाळल्या, तरच नॅनोपेक्षा जड विमानाला टाइप सर्टिफिकेटमधून, म्हणजे त्या बनावटीला घ्यावं लागणाऱ्या मान्यतेच्या प्रमाणपत्रातून, सूट. कोकणात घसरायला होतं ते दुसऱ्या अटीवर. विमानावर कॅमेरा लावून मित्राच्या होमस्टेची जाहिरात काढून दिली किंवा आंबा बागेचं चित्रीकरण पैसे घेऊन केलं, की ती करमणूक उरत नाही. सूट गेली आणि मायक्रोसाठीही रिमोट पायलट सर्टिफिकेट आलं. विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल लावून उडवणाऱ्यांनी तिसरी अट लक्षात घ्यावी. पडद्यावर दिसणं म्हणजे नजरेच्या टप्प्यात असणं नव्हे.

ओळख क्रमांक घ्या

टाइप सर्टिफिकेट नको म्हणजे नोंदणीही नको, हा गैरसमज फार पसरला आहे. नोंदणी वेगळी. डीजीसीएच्या पोर्टलवर डी-२ अर्ज भरून यूआयएन, म्हणजे त्या विमानाचा स्वतःचा क्रमांक, घ्यावा लागतो. शुल्क १०० रुपये. पासपोर्ट नसला तरी सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो.

यूआयएन तीन अनुक्रमांकांना जोडलेला असतो: विमान, फ्लाइट कंट्रोलर (विमानातला उड्डाण सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू) आणि जमिनीवरचं नियंत्रण यंत्र, म्हणजे तुमचा ट्रान्समीटर. हा सगळा साचा कारखान्यातून आलेल्या ड्रोनसाठी बेतलेला आहे, आणि घरी बांधणारा इथेच अडतो. म्हणून विमान जोडतानाच ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि गायरो (तोल सावरणारं यंत्र) असेल तर त्याच्यावरचे क्रमांक टिपून फोटो काढा. एकदा फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, चिकटवलं की ते वाचता येत नाहीत. अर्जात कुठली माहितीची किंवा क्रमांकाची चौकट आपल्या विमानाला लागू होत नसेल, तर मनाने काहीही भरू नका. पोर्टलच्या मदत कक्षाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पुढे फ्लाइट कंट्रोलर किंवा ट्रान्समीटर बदललात, तर नवा क्रमांक नोंदवल्याशिवाय उडवू नका.

क्रमांक विमानावर लिहायचा तो खाऱ्या हवेचा विचार करून. कागदी स्टिकर एका हंगामात सुटतो. पंखाखाली पक्क्या मार्करने लिहून वर पारदर्शक टेप मारा आणि बॅटरीच्या झाकणाच्या आत फोन नंबरसकट पुन्हा लिहा. सुरूच्या बनात पडलेलं विमान सापडणाऱ्याला परत द्यायचं असेल, तर तो नंबरच उपयोगी पडतो.

थर्ड पार्टी विम्यातून फक्त नॅनोला सूट आहे. मायक्रो मॉडेलवाले हे सर्रास विसरतात.

रिमोट आयडीचं यंत्र आत्ता विकत घेऊ नका

अमेरिकेत २५० ग्रॅमच्या वरच्या हौशी विमानालाही उडताना आपली ओळख आणि जागा रेडिओवरून सांगत राहावी लागते; हाच रिमोट आयडी. यंत्रातच बसवलेली सोय, वरून लावलेलं छोटं मॉड्यूल किंवा तिथल्या विमान वाहतूक खात्याने, एफएएने, मान्य केलेलं ठरावीक मैदान, असे तीन मार्ग तिथे आहेत. मार्च २०२४ पासून तिथे सवलतही उरलेली नाही. परदेशी व्हिडिओ पाहून इथले हौशी तेच मॉड्यूल मागवायला निघतात.

आपल्या नियमांत याची जागा राखून ठेवली आहे: ठिकाण, उंची, वेग आणि यूआयएन सांगणारा ट्रॅकिंग बीकन, परवानगीशिवाय उड्डाणच न होऊ देणारी यंत्रणा आणि जिओफेन्सिंग, म्हणजे ठरलेली हद्द ओलांडू न देणारी सोय. ही सक्ती सरकारने स्वतंत्र अधिसूचना काढून करायची आणि पूर्ततेला किमान सहा महिने द्यायचे, अशी तरतूद आहे. भारतीय बीकनचं स्वरूप ठरण्याआधी परदेशी मॉड्यूल घेणं म्हणजे पैसे पाण्यात. त्याऐवजी नवं विमान बांधताना पंखाच्या वरच्या बाजूला, कार्बन फायबरपासून दूर, काड्यापेटीएवढी मोकळी जागा आणि ५ व्होल्टची एक तार सोडून ठेवा. जीपीएसला आकाश दिसायला हवं, आणि ते रिसीव्हरच्या अँटेनाला चिकटलेलं नको.

सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी मांडला गेला. त्याचा रोख कडक होण्याकडेच आहे. म्हणून डीजीसीएच्या अधिसूचनांवर लक्ष असू द्या.

रेडिओ तपासा

२.४ गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर आपल्याकडे परवानामुक्त पट्ट्यात येतो. एक्स्प्रेसएलआरएस या लांब पल्ल्याच्या रेडिओ प्रणालीत मात्र बाहेरून आलेला संच ९१५ मेगाहर्ट्झवर असू शकतो, आणि तो आपल्याकडे परवानामुक्त नाही. फर्मवेअरमध्ये भारताचा ८६६ मेगाहर्ट्झचा पर्याय आहे, तो निवडा. तयार ड्रोन परदेशातून मागवण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुट्या भागांवर नाही.

नकाशा उघडा, मग सडा शोधा

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग दिसतात. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. त्याहून जवळ गेलात तर परवानगीशिवाय काहीच नाही. पिवळ्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलची, लाल भागात केंद्र सरकारची.

कोकणात हा पट्टा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. भोगवे, परुळे, निवतीच नव्हे, तर मालवणही चिपी विमानतळापासून १२ किलोमीटरच्या आत येतं. बांदा गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या सावलीत. रत्नागिरी विमानतळामुळे भाट्ये आणि आरे-वारे यांचा किनाराही नकाशा न बघता उडवण्याचा नाही. नकाशा उड्डाणाच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, कारण पोलीस ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल भाग जाहीर करू शकतात. जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश वेगळेच येतात.

जागा म्हणून कातळसडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, उत्तम, पण कातळशिल्पांपासून लांब राहा. त्यावर विमान उतरवणं तर नाहीच, गाडीही नेऊ नका. उतरताना जांभा विमानाचं पोट खरवडून काढतो, तेव्हा खाली फायबर टेपचे दोन थर द्या. कापणीनंतरची भाताची खाचरं त्यापेक्षा दयाळू, फक्त मालकाला विचारा. किनाऱ्यावर कासवांची घरटी जपली जातात त्या वाळूवर आणि समुद्रगरुडांच्या झाडांजवळ उडवू नका. पोलीस ठाण्यात आणि सरपंचांना आधी सांगणं हिरव्या भागात बंधनकारक नाही, तरी सांगा. सागरी सुरक्षेमुळे किनाऱ्यावरची माणसं आकाशातल्या अनोळखी वस्तूबद्दल फोन करायला शिकलेली आहेत, आणि ते बरंच आहे.

कड्यावरची उंची

दुपारी खारा वारा पश्चिमेकडच्या कड्यावर आदळून वर चढतो आणि ग्लायडर मोटर बंद असतानाही तरंगत राहतं. इथे एक फसगत आहे. टेलिमेट्रीतला, म्हणजे विमानाकडून ट्रान्समीटरवर येणारा, उंचीचा आकडा तुमच्या पायापासूनचा, नियमातली उंची विमानाखालच्या पृष्ठभागापासूनची. कडा ६० मीटरचा असेल आणि ग्लायडर डोक्यावर १०० मीटरवर असताना समुद्रावर गेलं, तर खालून ते १६० मीटर, म्हणजे १२० मीटरची (४०० फुटांची) मर्यादा ओलांडून बसलं. मर्यादेतून कड्याची उंची वजा करून उरेल तिथे अलार्म लावा; या उदाहरणात ६० मीटरवर.

संध्याकाळी समुद्राकडे तोंड केलं की सूर्य डोळ्यांत येतो, विमानाची नुसती काळी आकृती दिसते आणि ते येतंय की जातंय ते कळेनासं होतं. पंखाखाली रुंद आडवे पट्टे रंगवा आणि सूर्य उतरू लागला की सव्वा-दीड मीटरच्या विमानाला ३०० मीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. सकाळच्या मतलई वाऱ्यात उलटी भीती: मोटर बंद पडली तर विमान समुद्राकडे वाहतं. तेव्हा वारा येतो त्या बाजूला, म्हणजे पूर्वेलाच राहा.

तटरक्षक दलाचं किंवा कुठलंही हेलिकॉप्टर ऐकू आलं, की दिसायची वाट न बघता खाली उतरा. अपघात झाला तर ४८ तासांत पोर्टलवर कळवावं लागतं. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे. यूआयएनची प्रत, विम्याचा कागद आणि काट्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, शिवाय छापील प्रतही डब्यात ठेवा. सड्यावर रेंज असेलच असं नाही.