कर्क्युमिनच्या नॅनोतंतूंची जंतुरोधक चाचणी: आधीची तयारी

पॉलिकॅप्रोलॅक्टोन (पीसीएल) या पॉलिमरच्या, उच्च विद्युतदाबाखाली सुईतून कातलेल्या अतिसूक्ष्म तंतूंत, म्हणजे नॅनोतंतूंत, हळदीतील कर्क्युमिन मिसळून जखमेच्या पट्टीसाठी मॅट, म्हणजे तंतूंची पातळ चादर, करायची असेल, तर सर्वप्रथम कोऱ्या मॅटपुरते पीसीएल आणि द्रावक बाजूला काढून ठेवावे. कोरी म्हणजे कर्क्युमिन नसलेली, पण बाकी सर्व बाबतींत तीच: तेच द्रावक, तितकेच द्रावण, तोच दिवस, तितकेच वाळवणे. गेल्या खेपेस आमच्याकडे सर्व काही होते, नेमकी हीच नव्हती.

पीसीएल साधारण ८०,००० रेणुभाराचे घ्यावे. कर्क्युमिनच्या बाटलीवर ९५ टक्के लिहिलेले असले तरी तो आकडा बहुधा सर्व कर्क्युमिनॉइडांचा मिळून असतो, म्हणून लॉट क्रमांक वहीत उतरवावा आणि कर्क्युमिनचे प्रमाण पॉलिमरच्या वजनावर काढले की द्रावणाच्या, हेही त्याच ओळीत लिहावे. हळदपूड, मग ती सांगलीची का असेना, वापरू नये. तीत कर्क्युमिन काही टक्केच असते आणि उरलेला चोथा सुई बंद पाडतो. हातमोजे, चष्मा, फ्यूम हूड यांविषयी सांगायला नको. तंतू ज्यावर जमा होतात त्या कलेक्टरचे अर्थिंग मात्र स्वतः तपासावे, कारण सुईवर दहा-पंधरा किलोव्होल्ट असतात आणि 'कोणीतरी पाहिले असेल' हे तिथे चालत नाही.

आता द्रावक, म्हणजे क्लोरोफॉर्म आणि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) यांचे मिश्रण. क्लोरोफॉर्म ६१ अंश सेल्सिअसला उकळतो, तर डीएमएफ १५३ अंशांना. मॅट हाताला कोरडी लागते, फॉइलवरून सहज सुटते, तरीही तंतूंच्या आत डीएमएफ अडकून राहू शकते. ते आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमात, उतरले की जंतूंच्या वाढीत अडथळा आणू शकते, आणि मग मॅटभोवतीचे, जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ कर्क्युमिनचे की द्रावकाचे, हे कोरी मॅट शेजारी असल्याखेरीज कोणीही सांगू शकत नाही. औषधांतील उर्वरित द्रावकांसाठी आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने डीएमएफला ८८० पीपीएम आणि क्लोरोफॉर्मला अवघ्या ६० पीपीएमची (दहा लाख भागांत ६० भाग) मर्यादा घातली आहे, यावरून हे किती मनावर घ्यायचे ते ठरवावे. निर्वात ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे. घाई म्हणून तापमान चढवू नये, कारण पीसीएल ६० अंशांच्या आसपास वितळते आणि तंतूंचा पापुद्रा होतो. दोन्ही मॅट एकाच वेळी, एकाच ओव्हनमध्ये ठेवाव्यात.

सूतकताईच्या दिवशी खोलीतील आर्द्रता नोंदवावी. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हे काम काढणे म्हणजे हौस आहे: दमट हवेतील पाण्याने पॉलिमर अवेळी घट्ट होतो, सुईच्या टोकावर गोळा धरतो आणि तंतूंवर छिद्रे पडतात. म्हणूनच कोरी मॅट 'पुढच्या आठवड्यात करू' असे म्हणू नये. पुढच्या आठवड्यातील तंतू वेगळ्या जाडीचे निघतील आणि तुलना तिथेच संपेल.

ही मॅट विसरली जाते यामागे निष्काळजीपणापेक्षा श्रद्धा अधिक असते. हळद आहे म्हणजे जंतू मरणारच, असे आपण गृहीत धरून बसतो. जखमेवर हळद वापरण्यासाठी अमेरिकेने १९९५ साली दिलेले पेटंट सीएसआयआरच्या हरकतीवरून १९९७ साली रद्द झाले, ते हा वापर जुनाच असल्याच्या लेखी पुराव्यांवर. परंतु तो पुरावा नावीन्याविरुद्धचा होता. आपल्या हातातील मॅट स्टॅफिलोकोकससारखे जंतू मारते की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही.

निर्जंतुकीकरण आधीच ठरवावे. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखालील वाफेच्या, १२१ अंशांना पीसीएल टिकत नाही, ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवल्यास कर्क्युमिन धुऊन निघते, आणि अतिनील प्रकाशात ते विघटित होते. अतिनीलच वापरायचे असेल तर वेळ कमीत कमी ठेवावा आणि कोऱ्या मॅटलाही तितकाच द्यावा. एरवी मॅट फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवावी.

चाचणीसाठी केवळ वर्तुळावर विसंबू नये. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने ते आगरमध्ये फारसे पसरत नाही, आणि मॅटखाली उमटणारा पिवळा डाग उत्साही नजरेला वर्तुळच वाटतो. कापडांच्या जंतुरोधक चाचणीच्या आयएसओ २०७४३ या मानकाच्या धर्तीवर जंतूंच्या वसाहती मोजाव्यात. पीसीएलवर जंतूंच्या द्रवाचा थेंब मोत्यासारखा बसून राहतो, आत शिरत नाही. त्यासाठी त्या द्रवात किंचित पॉलिसॉर्बेट ८० (पृष्ठभाग ओला करणारे द्रव्य) घालावे, अर्थातच कोऱ्या मॅटसाठीही. स्टॅफिलोकोकस ऑरियससोबत ई. कोलाय घ्यावा, त्याच्या बाह्यपटलामुळे तो बहुधा कमी दाद देतो, ते पाहून घाबरू नये.

कर्क्युमिन किती सुटते हे मोजताना ७.४ सामूच्या बफरमध्ये ते झपाट्याने नष्ट होते, तेव्हा नमुना काढताच ४२५ नॅनोमीटरच्या आसपास वाचावा. पेशी-चाचणी एल९२९ या उंदराच्या पेशींवर, आयएसओ १०९९३-५ या पेशी-विषारीपणाच्या मानकाप्रमाणे. जिवंतपणा ७० टक्क्यांखाली गेल्यास मॅट विषारी धरतात. रंगावरून जिवंत पेशी मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत कर्क्युमिन स्वतःच ढवळाढवळ करू शकते, म्हणून चाचणीच्या ताटलीत पेशींविना एक विहीर (खळगा) ठेवावी. आणि तिथेही कोरी मॅट.